आमच्या बुलेटचे इंजिन का तापले?

चिखली-खामगाव रस्त्यावरचे उंद्री हे माझे गाव. आमच्या घरी १९९१ सालची, ओतीव लोखंडी सिलिंडरची, ३५० सी.सी.ची बुलेट आहे. मोठेबाबांनी ती कुणाकडून तरी जुनी म्हणून विकत घेतली आणि त्यांच्यामागे ती बाबांकडे आली. सकाळी दुधाचे कॅन डेअरीवर पोचविणे, हंगामात खताचे पोते किंवा फवारणीचा पंप शेतात नेणे, आजीचे गुडघे दुखू लागले की तिला चिखलीला दवाखान्यात नेणे, ही सारी कामे तीच करते. घरात दुसरे वाहन नाही. ही गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्याचे वजन त्याशिवाय कळावयाचे नाही.

इतिहास विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात इंजिनावर लेख लिहावा, हे आमच्या काही प्राध्यापकांना चमत्कारिक वाटेल. विज्ञान शाखेचे मित्र तर हसतीलच. त्यांनी हसावे, पण त्यांच्यापैकी निम्मे जण दुचाकीवरून महाविद्यालयात येतात आणि त्या दुचाकीचे तेल शेवटी केव्हा बदलले हे त्यांना सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

एप्रिल २०२५ मध्ये मी आणि माझा अमडापूरचा मित्र, आम्ही दोघांनी एक बेत केला. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान, आणि रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांची समाधी. आपल्याच जिल्ह्यातून निघून त्या समाधीपर्यंत मोटारसायकलवर जावयाचे, असा तो बेत होता. अंतर एका बाजूने पाचशे किलोमीटरहून अधिक. बाबांनी "उन्हाचं काहून जाता?" एवढे एकदाच विचारले आणि किल्ली दिली. पहाटे निघून चिखली, देऊळगावराजा असे करीत आम्ही सिंदखेडराजाला आलो, लखुजीराव जाधवांचा राजवाडा पाहिला, नाश्ता केला आणि अकराच्या सुमारास जालन्याच्या वाटेला लागलो.

ऊन कडक होते. गाडीवर दोघे, मागे एक पिशवी, आणि लेगगार्डच्या दोन्ही बाजूंना घट्ट बांधलेल्या दोन वळकट्या. रस्ता चांगला म्हणून मी सत्तर-पंचाहत्तरच्या वेगाने चालवीत होतो. एका लांबलचक चढावर इंजिनातून टिकटिक असा आवाज येऊ लागला. पत्र्याच्या डब्यात काचेच्या गोट्या घालून हलविल्यासारखा. गाडीची ओढही कमी झाली. मी काय केले? ॲक्सिलरेटर आणखी पिळला. अर्धा किलोमीटरही गेलो नसू, तोच मागचे चाक जागच्या जागी अडकले आणि गाडी डांबरावर रेघ ओढीत घसरू लागली. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून चाक सुटले, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला कसेबसे उभे राहिलो. किक खाली जाईना. इंजिन सीझ झाले होते. आमच्याकडील मिस्त्रींच्या भाषेत, पिस्टनने धरले होते.

जवळच्या चहाच्या टपरीवरचा माणूस आपणहून पाण्याची बादली घेऊन धावत आला. "टाका हो पाणी, बघता काय!" मीही बादलीला हात घातला होता. तेवढ्यात टपरीवर चहा घेत असलेला एक ट्रकचालक ओरडला, "अरे, हां हां! फाटेल ते!" त्याने पाणी टाकू दिले नाही. त्या अनोळखी माणसाचे उपकार मला पुढे कळले. दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी पडले की बाहेरचा थर एकदम आकसतो आणि आतला तसाच फुगलेला राहतो. ओतीव लोखंड दाब सहन करते, पण ताण सहन करीत नाही. त्याला तडा जातो. वरचे ॲल्युमिनियमचे हेड वाकडे होण्याचा संभव निराळाच. तापलेल्या इंजिनाला सावलीत नेऊन आपले आपण निवू द्यावे. आमचे इंजिन तासाभराने निवले, किकही खाली गेली, पण आतून खरखर असा आवाज आला. तेव्हा चालू करण्याचा मोह टाळून आम्ही एका पिकअप गाडीत बुलेट घातली आणि परत फिरलो. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तुमाले तर काही लागलं नाही ना? मग आना घरी."

दुसऱ्या दिवशीपासून दुधाचे कॅन शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊ लागले. बाबा त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

खामगावला एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. जुन्या बुलेट आणि राजदूत यांखेरीज ते सहसा दुसऱ्या गाडीला हात लावीत नाहीत. त्यांनी प्रथम प्लग काढला आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. प्लगचे टोक चुन्यासारखे पांढरे पडले होते. मग हेड उतरविले, सिलिंडर वर ओढला. पिस्टनच्या एका अंगावर, सायलेन्सरच्या बाजूस, उभे ओरखडे होते आणि पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला चिकटले होते. मी म्हणालो, "चाचा, ऊन फार होतं." चाचा म्हणाले, "गाडी तापली नाही बाप्पा, तुम्ही तापवली."

हे वाक्य मला लागले. ते खरे की खोटे हे तपासण्यासाठी पुढचे काही आठवडे मी चाचांच्या दुकानात बसलो आणि ग्रंथालयातील पदार्थविज्ञानाची पुस्तके चाळली. जे कळले ते येथे मांडीत आहे.

प्रथम हिशेब पाहू. आमची बुलेट ताशी ६० किलोमीटरने चालली आणि लिटरला ३२ किलोमीटर गेली, तर तासाला पावणेदोन ते दोन लिटर पेट्रोल जाळते. त्यातून निघणारी उष्णता साधारण १५ किलोवॅट भरते. यांपैकी सुमारे चौथा हिस्सा चाक फिरविण्याच्या कामी येतो. मोठा भाग सायलेन्सरवाटे धुरासोबत जातो. आणि जवळपास एक तृतीयांश, म्हणजे पाच किलोवॅट, सिलिंडरच्या आणि हेडच्या धातूत शिरतो. अंघोळीचे पाणी तापविण्याची १००० वॅटची कॉइल आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. अशा पाच कॉइली अखंड चालू ठेवाव्यात, इतकी उष्णता त्या वीतभर सिलिंडरला दर क्षणी हवेत टाकून द्यावी लागते. टाकली नाही तर ती साठते.

ती टाकण्यासाठीच सिलिंडरभोवती पात्या असतात. त्यांना फिन म्हणतात. आता पाती १८० अंशांवर आहे असे समजा. बाहेर २५ अंश असतील तर फरक १५५ अंशांचा. बाहेर ४५ अंश असतील तर १३५ अंशांचा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात हवेत जाते. म्हणजे हिवाळ्यातून आपल्या वऱ्हाडी उन्हाळ्यात आल्याने पात्यांची शक्ती फार तर सात-आठ हिश्श्यांतील एका हिश्श्याने घटते. हे गणित मांडले तेव्हा मला चाचांचे म्हणणे पटले. उन्हाचा दोष आहे, पण तो लहान भाऊ. थोरले भाऊ दुसरेच.

सीझ होणे म्हणजे नेमके काय, तेही याच ठिकाणी सांगतो. बुलेटचा पिस्टन ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. सिलिंडर ओतीव लोखंडाचा. तापमान १०० अंशांनी वाढले की ७० मिलिमीटरचा हा पिस्टन सुमारे ०.१५ मिलिमीटर फुगतो, आणि तेवढ्याच तापमानवाढीने सिलिंडरचे भोक साधारण त्याच्या निम्मेच मोठे होते. दोहोंमधील जागा असते डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी, आणि त्या जागेत तेलाचा पातळ पापुद्रा. पिस्टन सिलिंडरपेक्षा फार अधिक तापला की ही जागा संपते, तेल निघून जाते आणि धातूला धातू घासतो. शिवाय ओतीव लोखंड ॲल्युमिनियमच्या मानाने उष्णता फार हळू वाहून नेते. म्हणून जुन्या लोखंडी बुलेटला नव्या गाड्यांहून जास्त जपावे लागते.

आता थोरल्या भावांकडे वळतो. त्यांतला पहिला माझ्याच हाताने घरात आला होता.

आमची गाडी लिटरला ३५ किलोमीटर देत असे. अलीकडे ती ३२ वर आली होती. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर. मला ते खटकत होते. गावोगाव ‘ॲव्हरेज वाढवून देतो’ म्हणणारे कारागीर असतात. अशा एकाकडे मी गाडी नेली आणि आग्रहाने सांगितले, की काहीही करा, पण ॲव्हरेज वाढवा. त्याने कार्बोरेटरमधील मेन जेट लहान घातला, सुईची क्लिप वरच्या खाचेत बसविली आणि एअर स्क्रू फिरविला. या साऱ्याचा अर्थ एकच: हवा तेवढीच, पेट्रोल कमी. गाडी ३७ किलोमीटर देऊ लागली. मी खूश झालो आणि बाबांना मोठ्या ऐटीने सांगितलेही.

चूक अशी, की ॲव्हरेज मुळात का घटले याचा विचार मी केला नव्हता. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पुष्कळसे उसाच्या मळीपासून, रसापासून आणि धान्यापासून होते. शेतकऱ्याच्या मुलाने त्याविषयी वाईट बोलू नये. पण त्याचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता असते. म्हणून २० टक्के मिश्रणाने ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटावे हे स्वाभाविक आहे. आमची गाडी बिघडली नव्हतीच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण त्याच्या घटकांत प्राणवायू आधीच असतो. २० टक्के मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास लागते. नव्या गाड्यांत संगणक ही तफावत ओळखून इंधन वाढवितो. १९९१ च्या कार्बोरेटरला काय ठाऊक? त्याच्या जेटचे भोक तेवढेच आहे. म्हणून तोच जेट, तीच सुई असताही मिश्रण आपोआप सात-आठ टक्के कोरडे होते. इथेनॉल वाफ होताना इंजिनाला थोडा गारवा देते आणि ठोकाही कमी करते, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण आधीच कोरड्या झालेल्या मिश्रणाला मी पैसे देऊन आणखी कोरडे करून घेतले होते.

कोरडे मिश्रण इंजिन का तापविते? लोकांना वाटते की कमी पेट्रोल म्हणजे कमी आग, आणि कमी आग म्हणजे कमी उष्णता. चुलीच्या बाबतीत ते खरे असेल. परंतु हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला, विशेषतः चढावर आणि भर वेगात, गरजेहून थोडे जास्त पेट्रोल मुद्दाम दिलेले असते. ते जादा पेट्रोल जळत नाही. त्याची वाफ होते आणि ती हेड व पिस्टन यांची उष्णता घेऊन बाहेर पडते. उन्हाळ्यात माठ झिरपतो म्हणून पाणी गार राहते, तसाच काहीसा हा प्रकार. मी माठाचे झिरपणे बंद केले होते. शिवाय कोरडे मिश्रण सावकाश जळते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आतली आग धुमसत राहते. पांढरा प्लग त्याचाच पुरावा होता. प्लगचा रंग विटकरी किंवा बदामी असावा. काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी. पंधरा दिवसांतून एकदा प्लग काढून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. इतकी माहिती इतक्या स्वस्तात इंजिन दुसरीकडून देत नाही.

माझ्या वहीतील हिशेब असा. ॲव्हरेज वाढविल्यानंतर गाडी सुमारे १,२०० किलोमीटर चालली. त्यात पाच लिटर पेट्रोल वाचले. म्हणजे पाचशे रुपयांच्या वर थोडे. पिस्टन, रिंगा, बोअर, मजुरी आणि पिकअपचे भाडे मिळून खर्च झाला नऊ हजार. आमच्या घरी ते दोन क्विंटल सोयाबीन होते.

पैशांहून मोठा तोटा निराळा. सीझ झालेला सिलिंडर लेथवर आतून घासून थोडा मोठा करतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. त्याला बोअर करणे म्हणतात. प्रत्येक वेळी भिंत पातळ होते. आमचा सिलिंडर याआधी दोनदा बोअर झालेला होता; हा तिसरा. चाचांनी माप घेतले आणि म्हणाले, "अजून एक वेळ होईल. मग स्लीव्ह." इंजिनाचे आयुष्य असे मोजता येते हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मोठेबाबांनी आणि बाबांनी मिळून इतक्या वर्षांत दोन खर्च केले होते; मी एका एप्रिलमध्ये एक.

दुसरा भाऊ म्हणजे ठिणगीची वेळ. जुन्या बुलेटला कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी लागते. पॉइंटची टाच फिरत्या कॅमवर घासून झिजते, तशी फट कमी होत जाते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. ठिणगी उशिरा पडली की जाळही उशिरा होतो. पिस्टनला ढकलण्याऐवजी ती आग एक्झॉस्टवाटे बाहेर पडते आणि वाटेतले सारे तापविते. आमच्या सायलेन्सरचा पुढचा बाक निळसर-जांभळा झाला होता. मला तो रंग आवडत असे! उलट, ठिणगी फार लवकर पडली तर चढावर ती टिकटिक होते. दोन्ही वाईट. मात्र उशिराचे दुखणे गुपचूप वाढते, म्हणून जास्त वाईट. या कामात एक साधी फीलर पट्टी, स्वच्छ कापड आणि कॅमला लावावयाचे बोटभर ग्रीस पुरते. इतरांचे सोडा, मला स्वतःला अशी फट असते हेच ठाऊक नव्हते.

तिसरा भाऊ आमच्या मातीचा आहे. पावसाळ्यात काळी माती पात्यांमध्ये भरते आणि वाळून विटेसारखी कडक होते. पुढे सोयाबीनची मळणी येते. पुशरॉडच्या झाकणातून झिरपणाऱ्या तेलावर तो भुसा आणि धूळ बसून पात्यांवर वाकळ पांघरल्यासारखा थर होतो. पाच कॉइलींची उष्णता या वाकळीतून बाहेर कशी पडावी? चाचांनी मला एक बांबूची काडी, ब्रश आणि रॉकेलऐवजी आता डिझेल दिले आणि सिलिंडर समोर ठेवून निघून गेले. पात्या साफ करावयास मला दीड तास लागला. जवळजवळ ओंजळभर माती निघाली. काही लोक गाडी छान दिसावी म्हणून पात्यांवर जाड चकचकीत रंग देतात. तोही एक प्रकारचा थरच. रंग द्यावयाचाच तर पातळ काळा द्यावा. आणि हे धुणे इंजिन थंड असतानाच करावे, हे ट्रकचालकाच्या गोष्टीनंतर वेगळे सांगावयास नको.

तेलाविषयी थोडक्यात. तेल केवळ वंगण नव्हे. पिस्टनच्या खालच्या अंगाला पात्या नाहीत. तेथील उष्णता उचलून आणतो तो तेलाचा प्रवाहच. २०-डब्ल्यू-५० जातीचे खनिज तेल या इंजिनास मानवते. ते काळे आणि पाण्यासारखे पातळ झाले असता बदलावयाचे राहिले, तर बाकीचे सारे उपाय फुकट. मी आता दर २,००० किलोमीटरला बदलतो आणि नमद्याचा फिल्टरही पाहतो. या बुलेटची एक खोड लक्षात ठेवावी. गाडी काही दिवस उभी राहिली की टाकीतील तेल खाली इंजिनाच्या पोटात झिरपते आणि तेलकाडी कोरडी दिसते. अननुभवी माणूस आणखी तेल ओततो आणि मग ते नळीतून बाहेर येते. इंजिन पाच मिनिटे चालवून, बंद करून, मगच काडी पाहावी.

लेगगार्डला बांधलेल्या वळकट्यांचा उल्लेख मी आधी केला आहे. त्या आम्ही मोठ्या हौसेने बांधल्या होत्या, कारण लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाड्यांची चित्रे तशी असतात. प्रत्यक्षात त्या वळकट्यांनी सिलिंडरवर येणारी हवा दोन्ही बाजूंनी अडविली. पुढच्या चाकाच्या मागे आधीच हवा गोंधळलेली असते. तिला जी वाट उरते ती आम्ही बंद केली. सामान मागे, किंवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवावे. इंजिनापुढे काही नको, मग ते कितीही शोभिवंत असो.

चालविण्याच्या सवयींबाबत चाचांनी मला बरेच शिव्यांसह सांगितले. शिव्या वगळून लिहितो. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने चढ रेटू नये. टिकटिक ऐकू येताच ॲक्सिलरेटर सोडावा आणि गिअर खाली आणावा. मी नेमके उलट केले होते. लोखंडी बुलेटला उन्हाळ्यात पंचावन्न-साठचा वेग मानवतो. तासाभराने दहा मिनिटे सावलीत थांबावे. रेल्वे फाटकाशी किंवा मिरवणुकीत अडकल्यास इंजिन बंद करावे, कारण वारा नसताना पात्यांना काही करता येत नाही. उभ्या गाडीचे इंजिन चालत्या गाडीहून लवकर तापते.

येथे राजदूतवाल्यांसाठी एक सूचना, जरी आता त्या गाड्या थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्या दोन-ठोक्यांच्या इंजिनाला तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळते. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी सोडली, तर पेट्रोल नाही म्हणून तेलही नाही, आणि उतारावरच पिस्टन धरतो. अधूनमधून क्लच दाबून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा. बुलेटला हा धोका नाही, तिचे तेल निराळे असते.

इंजिन किती तापले हे कळावे कसे? आमच्या गाडीला उष्णतेचा काटा नाही. चाचांची युक्ती स्वयंपाकघरातील आहे. तवा तापला की नाही हे आई पाण्याचा थेंब टाकून पाहते. तसाच बोटाने एकच थेंब स्वच्छ पातीवर टाकावा. चर्र होऊन तो लगेच आटला तर ठीक. तो मोत्यासारखा गोल होऊन नाचू लागला, तर पाती दोनशे अंशांच्या घरात आहे. थेंबाखाली वाफेची गादी झाल्यामुळे तो पातीला टेकतच नाही. असे दिसले की गाडी सावलीत लावावी आणि चहा मागवावा. एक थेंब चालतो. बादली नव्हे.

नव्या गाड्यांची तऱ्हा निराळी आहे. आमच्याच राज्यात चाकण येथे तयार झालेल्या केटीएम ड्यूकने २०१२ मध्ये पाण्याने थंड होणारे इंजिन सामान्य तरुणाच्या आवाक्यात आणले. २०१६ च्या रॉयल एनफील्ड हिमालयनला तेल थंड करणारी जाळी होती आणि २०२३ च्या नव्या हिमालयनला पाण्याची. लांबच्या प्रवासाला अशा गाड्या उत्तमच. पण माझ्या एका वर्गमित्राच्या गाडीचा रेडिएटर आमच्याच काळ्या मातीने भरलेला मी या दिवाळीत पाहिला. त्याला काडी आणि ब्रश देऊन आलो.

बोअर झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर मी चाळीस-पंचेचाळीसच्या वर गेलो नाही, एका वेगावर फार वेळ राहिलो नाही, आणि पाचशेला तेल बदलले. त्या तेलात रुपेरी चमक होती. नव्या रिंगा बसताना झिजलेल्या धातूची. जेट मूळ मापाहून एक पायरी मोठा घातला आणि सुईची क्लिप मधल्या खाचेत आणली. गाडी आता लिटरला ३१ किलोमीटर देते. मी बाबांना तसे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "कॅन टायमावर पोचते ना?"

डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही पुन्हा निघालो. या वेळी वळकट्या मागे होत्या. सिंदखेडराजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, मग मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि महाड. ताशी पंचावन्न. ठिकठिकाणी थांबलो, दोन मुक्काम केले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पाचाडला पोचलो. समाधीचे दर्शन घेऊन बाहेर आल्यावर मित्र गडाकडे पाहत उभा राहिला आणि मी पाना काढून प्लग खोलला. तो विटकरी होता. परतीच्या चढावर ताम्हिणीत दोनदा थेंब टाकून पाहिला. दोन्ही वेळा चर्र झाला.

घरी आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. बाबांनी कंदीलाच्या जागी आलेली मोबाईलची बॅटरी लावून पात्यांमध्ये डोकावून पाहिले आणि सकाळच्या कॅनसाठी गाडी तशीच बाहेर ठेवावयास सांगितली. त्यानंतर गाडी १,७०० किलोमीटर चालली आहे. पुढच्या रविवारी तेल बदलावयाचे आहे.